मुलांचं घामोळं: ठाणे-नवी मुंबईतल्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मार्च लागला की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला फोटो पडतो. बाळाची मान, वळीत लाल रवा भुरभुरल्यासारखे दाणे आणि खाली एकच ओळ: "काय लावू?" पुढच्या दहा मिनिटांत अकरा उपाय येतात, त्यातले चार एकमेकांच्या विरुद्ध. माझी दोन्ही मुलं नाजूक कातडीची. मोठीला सहाव्या महिन्यापासून एक्झिमा, धाकट्याला जाड कॉलरचा शर्ट घातला तरी पुरळ. त्यामुळे हे प्रश्न हळूहळू माझ्याकडे वळले. दरवर्षी तेच ते टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. मी डॉक्टर नाही. यातलं बरंचसं बालरोगतज्ज्ञांना आणि त्वचेच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलेलं आहे, उरलेलं चुका करून शिकलेलं. आणि आधीच सांगते, "काय लावू?"चं उत्तर बहुतेक वेळा "लावू नका, आहे ते काढा" असंच असतं. ते कुणालाच आवडत नाही.

घामोळं म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडते, असं आई म्हणते. खरं का?

उलट आहे. जो घाम बाहेर पडायला हवा तो आत अडकतो, तेव्हा घामोळं येतं. घामाच्या ग्रंथीपासून कातडीच्या वरपर्यंत एक बारीक नळी येते. कातडी तासन्‌तास ओली राहिली की वरचा थर पाण्यात राहिलेल्या बोटांसारखा फुगतो. मेलेल्या पेशी आणि कातडीवर एरवीही राहणारे जंतू मिळून नळीचं तोंड बुजवतात. मागून येणारा घाम मग आजूबाजूला झिरपतो, तिथे दाह होतो आणि लाल दाणा उठतो.

नळी किती खोल बुजली त्यावर रूप ठरतं. अगदी वरच बुजली तर दवाच्या थेंबांसारखे पाणीदार फोड येतात. लाली नाही, खाज नाही, हात फिरला तरी फुटतात. तान्ह्या बाळांत हे जास्त दिसतं, कारण त्यांच्या नळ्या अजून पुरत्या तयार नसतात. त्यावर काहीच करायचं नसतं. थोडी खाली बुजली तर आपलं ओळखीचं लाल, चुणचुणणारं घामोळं. कधीकधी त्याच दाण्यांच्या टोकावर पांढरा पू दिसतो. तो दर वेळी जंतुसंसर्गाचाच असतो असं नाही, पण डॉक्टरांना दाखवावा.

म्हणून "उष्णता बाहेर पडू दे, गार पाणी घालू नकोस" हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी पाळू नका.

अकोल्याला ४३ अंशांत माझ्या भाच्यांना काही होत नाही. इथे ३४ लाच माझा मुलगा खाजवायला लागतो. तो जास्तच नाजूक आहे का?

नाजूक असेलही, पण खरा फरक हवेत आहे. घाम गारवा देतो तो वाळताना. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो आला की उडून जातो. आपल्याकडे एका अंगाला ठाण्याची खाडी, पलीकडे समुद्र. हवेतच इतकं पाणी असतं की घामाला जायला जागा नाही. तो कातडीवर बसून राहतो आणि शरीर आणखी घाम सोडत राहतं. म्हणून आपल्याकडे घामोळ्याचे दोन मोसम: एप्रिल ते पहिला पाऊस, आणि पाऊस सरल्यावरची ऑक्टोबरची काहिली. दुसरा मोसम लोक विसरतात आणि नवरात्रात नायलॉनचा घागरा घालून मुलीला गरब्याला नेतात.

यावरूनच कूलरचं उत्तर मिळतं. नागपूरच्या मामाने पाठवलेला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नेरूळच्या बंद खोलीत लावलात तर हवा आणखी दमट होते. आमच्याकडे तो दोन उन्हाळे कपड्यांचं स्टँड म्हणून उभा होता.

हे घामोळंच आहे हे ओळखायचं कसं?

जागा आणि वेळ बघा. घामोळं येतं ते घाम साठतो किंवा कपडा घासतो तिथे: मानेच्या वळ्या, पाठ, छाती, काख, जांघ, कोपराची खोबण, कपाळावर केसांच्या कडेला, डायपरच्या इलॅस्टिकखाली. दाणे बारीक आणि दाटीवाटीने. गरम झालं की खाज वाढते, गार खोलीत नेलं की तासाभरात मूल शांत होतं. आणि घामोळ्याने ताप येत नाही. हे वाक्य मी ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा लिहिलंय. तापामुळे घाम येऊन घामोळं होऊ शकतं, पण ताप आणि पुरळ एकत्र दिसले तर कारण दुसरं शोधायचं.

ते दुसरं काय असू शकतं? एक्झिमा असेल तर कातडी कोरडी, खरखरीत, थंडीतही त्रास. लहान बाळांना गालांवर, मोठ्यांना गुडघ्यामागे आणि कोपरात. घरात दम्याचा किंवा सर्दी-शिंकांच्या ॲलर्जीचा इतिहास अनेकदा असतो. खरूज असेल तर रात्री खाज अनावर, बोटांच्या बेचक्यात दाणे, आणि घरातलं आणखी कुणीतरी खाजवत असतं. नायटा गोल, कडा उठावदार, मध्ये साफ. डासांचे चावे उघड्या हातापायांवर, सुटे सुटे. कांजिण्यांत ताप आणि पाण्याचे फोड टप्प्याटप्प्याने येतात. पावसाळ्यात पाळणाघरांतून फिरणाऱ्या हात-पाय-तोंडाच्या आजारात तळहात, तळपाय आणि तोंडात फोड असतात. घामोळं तळहातावर येत नाही.

गोवराचं वेगळं सांगते. आधी ताप, खोकला, लाल डोळे. मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि भिवंडी भागात गोवराची साथ आली होती, म्हणजे हा आजार पुस्तकातला नाही, आपल्या शेजारचा आहे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत असते. कार्ड काढून एकदा बघा.

आत्ता, या क्षणी मूल खाजवून रडतंय. पहिलं काय करू?

कपडे काढा. डायपरसुद्धा. पंख्याखाली गार फरशीवर सुती चादर टाकून मोकळं सोडा. सुती फडकं साध्या पाण्यात बुडवून, पिळून, दाण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. घासू नका, नुसतं टेकवा. फडकं कोमट झालं की परत बुडवा. नंतर वाऱ्यावर वाळू द्या. वळ्यांमध्ये ओल राहू देऊ नका, मान उचलून हनुवटीखाली हवा लागू द्या. अर्ध्या तासात फरक दिसतो. दिसला नाही तर पुढचे प्रश्न वाचा.

बर्फ थेट लावू नका. रुमालात गुंडाळून मोठ्या मुलाला क्षणभर चालेल, तान्ह्याला नाही.

अंघोळ किती वेळा? पाणी कसं?

उन्हाळ्यात दोनदा, फार तर तीनदा, प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं. साबण दिवसातून एकदाच, तोही बिनवासाचा, सौम्य, काखा-जांघा-पायांपुरता. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. साबणाचा फेस जितका जास्त तितकी नाजूक कातडी कोरडी पडते, आणि कोरडी कातडी घामाने आणखी चुणचुणते.

आता आपल्याकडची खास गंमत. दुपारी दोन वाजता नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा करण्याइतकं तापलेलं असतं. "मी गार पाण्याने अंघोळ घातली" असं सांगणाऱ्या एका मैत्रिणीला मी हात घालून बघायला सांगितलं, तेव्हा तिला कळलं. सकाळी सातलाच दोन बादल्या भरून बाथरूमच्या सावलीत ठेवा, दुपारची अंघोळ त्यातून. पाणी बंद असण्याच्या दिवशीही त्या बादल्या कामी येतात. झाकण मात्र हवं: डासांसाठी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रांगणारं मूल बादलीत तोंड घालू नये म्हणून.

पाण्यात जंतुनाशकाचं झाकणभर औषध ओतायची सवय पुष्कळ घरांत आहे. नाजूक कातडीला ते जळजळतं. घामोळं जंतू मारून जात नाही, ओल काढून जातं. त्यापेक्षा ओट्स मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून मूठभर टबात मिसळा. खाज शमायला याचा खरंच उपयोग होतो. टब घसरडा होतो, मुलाला धरून ठेवा. मोरी तुंबली तर मला दोष देऊ नका, आधी गाळा.

घामोळ्याची पावडर?

मी घरातून काढून टाकली. लहान मुलाच्या अंगावर पावडर उडवली की तिचे बारीक कण श्वासात जातात, त्यामुळे बालरोगतज्ज्ञ तान्ह्यांना पावडर लावायला मनाई करतात. शिवाय मानेच्या वळीत घाम आणि पावडर मिळून पिठाच्या गुठळ्या होतात आणि त्या घासत राहतात. काही पावडरींत बोरिक आम्ल, मेंथॉल किंवा कापूर असतो. सोललेल्या कातडीतून बोरिक आम्ल शरीरात शोषलं जातं, बाळाला ते चांगलं नाही. गारेगार वाटतं ते मेंथॉलमुळे. कातडी खरोखर थंड झालेली नसते.

शाळेत जाणाऱ्या मुलाला लावायचीच असेल तर आधी आपल्या तळहातावर घ्या, तोंडापासून दूर, आणि कोरड्या कातडीवर पुसटशी. घामावर थापू नका.

कॅलामाइन लोशन चालतं ना?

चालतं. बाटली हलवा, कापसाने टिपकागद टिपल्यासारखं लावा, वाळू द्या. डोळे, तोंड आणि खाजवून रक्त आलेली जागा सोडा. दिवसातून दोनदा पुरे, आणि नवा थर देण्याआधी जुना धुवा. एक्झिमाच्या मुलाला रोज लावलं तर कातडी आणखी सुकते, म्हणून तीन-चार दिवसांवर ओढू नका. तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं, दोन दिवसांत गेलं. तेच वापरत राहू का?

नको. इथे जरा थांबून वाचा, कारण ही चूक मी केली आहे.

मोठी दीड वर्षाची असताना घराजवळच्या एका मेडिकलमधून मी पाठीवरच्या घामोळ्यासाठी ट्यूब आणली. चिठ्ठी नव्हती, त्यांनी मागितली नाही, मीही विचारलं नाही. दोन दिवसांत पाठ आरशासारखी. मी खूश. आठवड्याने परत आलं, परत लावलं. महिन्याभरात ट्यूब लावली की बरं, थांबवली की दुप्पट, असं चक्र सुरू झालं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचून दाखवली: एकात तीन औषधं, त्यातलं एक तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली आणि खाज झटक्यात दाबतं, म्हणून जादू वाटते. मनाने बराच काळ लावलं की कातडी पातळ होते, बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरते आणि तिचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखायला कठीण जातं. बाळांची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. औषध शरीरात जास्त जातं. डायपरखाली लावलं तर आणखीच.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी कितीतरी स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम आहे, पण ट्यूब मिळते. त्यामुळे नाही म्हणायचं काम आपल्याकडेच येतं.

याचा अर्थ स्टेरॉइड म्हणजे विष असाही नाही. खाज फारच असेल तर डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन दोन-चार दिवसांसाठी देतात, आणि मोठीच्या एक्झिमाला ते अजूनही कधीमधी लागतं. फरक कोणतं, किती आणि किती दिवस याचा आहे.

कडुनिंब, मुलतानी माती, चंदन, ताडगोळे: यातलं काय खरं?

एकेक घेऊ. ताडगोळ्यांचं मला स्वतःला कौतुक आहे. वसई-पालघरकडून ताडगोळे आले की सासूबाई गर मुलांना देतात आणि आतली ओलसर साल त्यांच्या पाठीवर फिरवतात. गारवा मिळतो, मुलं हसतात. औषध म्हणून नाही, ओला थंडावा म्हणून ते काम करतं. नंतर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर चिकट राहतं. फुटलेल्या कातडीवर नको.

कडुनिंबाचा पाला उकळून, पाणी पूर्ण निववून, गाळून मोठ्या मुलाच्या अंघोळीत घालायला हरकत नाही. आधी हातावर थोडं लावून एक दिवस वाट बघा. निंबाचं तेल मात्र बाळाला पाजायचं नाही, कुणीही कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी. तान्ह्यांना त्यातून विषबाधा झालेली आहे.

मुलतानी माती आणि चंदनाचा लेप लावताना गार वाटतो. वाळला की कातडी ओढतो आणि काढताना चोळावा लागतो. चोळणं हेच घामोळ्याला नको असतं. बेसन-हळदीचं उटणंही त्याच कारणाने बाद, ते दिवाळीला ठेवा. कोरफडीचं ताजं पान कापलं की पिवळा चीक निघतो, तो खाजरा असतो. तो पूर्ण निथळून, धुऊन मधला पारदर्शक गर घेता येत असेल तरच.

खोबरेल तेलात कापूर घालून लावणं हा आपल्या घराघरांतला उपाय. तो बंद करा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि मुलं हात चाटतातच.

बाळ दोन महिन्यांचं आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी रोज तेल चोळतात, शेक देतात. थांबवू का?

या प्रश्नाला औषधापेक्षा जिभेवर साखर जास्त लागते. मालिश वाईट नाही. बाळाला स्पर्श आवडतो. पण एप्रिलमध्ये कळव्याच्या पहिल्या मजल्यावरच्या बंद खोलीत आधी तेल, मग गरम पाणी, मग धुरी, मग कानटोपी आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं गाठोडं: हे सगळं एकावर एक आलं की घामोळं येणारच. जुनी रीत थंडीच्या दिवसांची आणि मोकळ्या घरांची होती.

मी असं केलं: तेल अंघोळीआधी, थोडंसं, आणि अंघोळीत निघून जाईल इतकंच. मान, काखा, जांघा वगळून. कपाळावर आणि टाळूवर थापून ठेवायचं नाही. घामोळं असताना आठवडाभर तेल बंद. धुरी पूर्ण बंद, ती बाळाच्या छातीलाही चांगली नाही. मावशींना "तुम्ही चुकता" असं न म्हणता "डॉक्टरांनी आठवडाभर नको सांगितलंय" असं म्हटलं. डॉक्टरांचं नाव पुढे केलं की भांडण होत नाही. आणि बाळ निवल्यावर मावशीच बाहेर सांगत फिरल्या की उन्हाळ्यात तेल कमी लावावं.

बाळाखालचं मेणकापड बघा. पाठीवरच घामोळं असेल तर बहुधा तेच कारण. मेणकापडावर जाड सुती दुपटं किंवा आजीची गोधडी घाला. आणि ट्रंकेतून काढलेली जुनी झबली डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली असतील तर धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच घाला. हे घामोळ्यासाठी नाही. त्या गोळ्यांमुळे काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ वाढते.

सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यात वरचं पाणी द्यायचं का?

नाही. आईचं दूध पुरतं, कितीही उकाडा असो. जास्त वेळा पाजा. पाणी, कोकम सरबत, भरपूर ताक हे आईने प्यायचं.

आंबा उष्ण पडतो का?

आंब्याने घामाच्या नळ्या बुजत नाहीत. आंबा आणि घामोळं दोन्ही मे महिन्यात येतात, एवढंच त्यांचं नातं. देठाकडचा चीक मात्र तोंडाभोवती लागला की काही मुलांना खरंच पुरळ उठतं. फळ पाण्यात भिजवून, देठ कापून, तोंड धुऊन. हापूसवर अन्याय नको.

कपडे कुठले?

मलमल किंवा पातळ सुती, सैल, एकच थर. मानेमागचं लेबल कापा. सगळ्यात जास्त त्रास सणासुदीच्या कपड्यांनी होतो: जरीची शेरवानी, नेटचा फ्रॉक, नायलॉनचं अस्तर. लग्नाला जायचंच असेल तर आतून सुती बनियन घाला आणि फोटो झाले की कपडे बदला. टर्फवर फुटबॉल खेळून आलेल्या मुलाची पॉलिएस्टरची जर्सी दारातच उतरवा. तसाच सोफ्यावर बसला तर घाम अंगावरच मुरतो.

कपड्यात साबण उरला तरी नाजूक कातडी खाजते. मशीनला एक जादा पाणी द्या, वासाचं कंडिशनर बंद करा. आमच्या घरी एवढ्याने निम्मा फरक पडला.

एसी लावला तर मूल आजारी पडेल?

नाही पडणार. २५-२६ अंश, झोत थेट अंगावर नको, जाळी स्वच्छ. एसी हवेतली ओल काढतो, आपल्याला तेच हवं आहे. एसी नसेल तर पंखा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या, जाळी लावून. वीज गेली तर ओलं फडकं आणि हातपंखा. जिन्यात बहुतेक वेळा घरापेक्षा जास्त वारा असतो, आमचा अर्धा मजला तिथेच बसतो.

एक्झिमा आणि घामोळं दोन्ही आहे. मॉइश्चरायझर लावलं तर घामोळं वाढतं, नाही लावलं तर एक्झिमा. काय करू?

हाच खरा अवघड प्रश्न. घाम स्वतःच एक्झिमाची खाज पेटवतो, म्हणून उन्हाळ्यात दोन्ही एकत्र येतात आणि एकमेकांना वाढवतात. आम्हाला सांगितलेला आणि जमलेला मार्ग: हिवाळ्यातलं घट्ट मलम आणि पेट्रोलियम जेली कपाटात ठेवायची, त्याजागी पातळ, बिनवासाचं लोशन. अंघोळ झाल्यावर अंग टिपायचं, तीन मिनिटांत कोरड्या भागांवर पातळ थर: हात, पाय, गुडघ्यामागे. जिथे घामोळं आहे ती पाठ आणि मान सोडून द्यायची. म्हणजे एकाच मुलाच्या अंगाचे दोन नकाशे झाले, पण दोन दिवसांत हाताला सवय होते. घाम आला की पुसायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा; मीठ कातडीवर वाळू द्यायचं नाही. पोहून आल्यावर क्लोरीनचं पाणी धुऊन मग लोशन.

डॉक्टरांनी एक्झिमासाठी दिलेलं औषध उन्हाळा आहे म्हणून मनाने बंद करू नका.

रात्री खाजवून झोपत नाही. खाजेचं औषध देऊ?

मनाने नको. गुंगी आणणारी औषधं लहान मुलाला धोक्याची ठरू शकतात, आणि घामोळ्याच्या खाजेवर त्यांचा उपयोगही बेताचाच. झोपण्याआधी गार अंघोळ, नखं कापलेली, फोमच्या गादीवर जाड सुती चादर, अंगात पातळ बंडी. माझी मुलगी खाजवण्याऐवजी तळहाताने थापायला शिकली. त्याला ती "पाठीचा तबला" म्हणते.

शाळेला काय सांगायचं?

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात तेव्हा उकाडा संपलेला नसतो. मी वर्गशिक्षिकेला डायरीत चार ओळी लिहिते: पंख्याखालची जागा, वरचं बटण उघडं ठेवायची परवानगी, आणि हे पसरणारं नाही. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण एकदा मुलीला पुरळ बघून वेगळ्या बाकावर बसवलं होतं. घामोळं एकाचं दुसऱ्याला लागत नाही. दप्तराखाली पाठ भिजते, म्हणून बसमधून उतरल्यावर शर्ट बदलण्याची सोय ठेवा.

किती दिवसांत जातं? डाग राहतात का?

गारवा मिळाला तर दोन-चार दिवसांत, फार पसरलं असेल तर आठवडा-दीड आठवडा. व्रण राहत नाहीत. सावळ्या कातडीवर काळसर ठिपके काही आठवडे दिसतात आणि आपोआप जातात; त्यावर गोरं करणारं क्रीम लावू नका. दाणे गेल्यावरही काही दिवस त्या जागी घाम नीट येत नाही, म्हणून त्या काळात मुलाला उन्हात लवकर दमायला होतं. लगेच मैदानावर पाठवू नका.

डॉक्टरकडे कधी, आणि कुठे?

तीन-चार दिवस गार ठेवूनही वाढतंय; पू, पिवळी खपली, सूज, दुखणं, लाल रेघ, काखेत किंवा मानेत गाठ; मूल दूध नीट पीत नाही किंवा लघवी कमी झाली: दाखवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर पुरळ असो वा नसो, थेट रुग्णालय. जांभळट ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही फिके होत नसतील आणि ताप असेल तर एक मिनिटही थांबू नका.

आणि घामोळं बघता बघता उष्माघात नजरेतून सुटू देऊ नका. अंग तापलेलं, मूल बरळतंय किंवा सुस्त, उलट्या, झटके: १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घाला. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला आलेली मोठी माणसं उन्हाने दगावली. मुलांचं शरीर त्याहून लवकर तापतं. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंही ठेवू नका.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ आणि नेरूळचं मीनाताई ठाकरे रुग्णालय आहे. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घेऊन जा. लाज वाटली तरी. मीही नेली होती.

पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं म्हणतात. भिजवू?

भिजवा की. पावसाने हवा उतरते, पाणी गार असतं, मूल कपडे काढून नाचतं. घामोळ्याला हवं ते सगळं एका वेळी होतं. फक्त गच्चीच्या पन्हाळीखाली उभं करू नका, पहिल्या पावसात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण खाली येते. उघड्यावर दहा मिनिटं, विजा नसताना. मग घरात साध्या पाण्याने अंघोळ, वळ्या कोरड्या, सुके कपडे. ओल्या कपड्यांत घरभर फिरू दिलंत तर जांघेत बुरशी येईल आणि जूनमध्ये ग्रुपवर दुसरा फोटो पडेल.